चोवीस गळे आणि टीसी आप्पा

आमच्या गल्लीत कुणाकडे दहा-बारा वर्षांचा मुलगा पाहुणा आला, की टीसी आप्पा त्याला नाव विचारत नाहीत, कितवीत आहेस तेही विचारत नाहीत. कट्ट्यावरून उठतात, मुलाला उजेडात उभं करतात आणि म्हणतात, "आईला हाक मार बघू. मोठ्यानं."

माझा भाचा निपाणीहून पहिल्यांदा आला तेव्हा त्याचंही हेच झालं. त्याची आई निपाणीला, तो आमच्या शहापुरात, हाक मारायची कुणाला? पण आप्पांच्या डोळ्यांकडे बघून बिचाऱ्याने "आये!" अशी आरोळी ठोकली, की समोरच्या घरातला मागाचा खटखटाट थांबला आणि विणकर बाहेर येऊन बघायला लागला. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं आणि निकाल दिला, "बाराला अजून आठ म्हैने हायत. अर्धं तिकीट." मी बहिणीला फोन करून विचारलं. आठच महिने होते.

आप्पांचं नाव कल्लाप्पा, गाव उचगाव. सगळी नोकरी लोंढा जंक्शनवर तिकिटं तपासण्यात गेली. गाडी गोव्याकडून आलेली असो नाहीतर मिरजेकडून, तिच्यात मिसरूड फुटलेला एखादा तरी मुलगा अर्ध्या तिकिटावर खिडकीपाशी बसलेला असायचाच. "वय इच्यारलं की पोरगं पाठ केल्यागत 'अकरा' म्हणतंय," आप्पा सांगतात. "आईबापानं पढवून आणल्यालं असतंय. पण गळ्याला पढवता येत न्हाय, बाई. वरडायला लावायचं. आवाज फुटाय लागला असंल तर मधीच चिरकतो. चिरकला की पूर्ण तिकीट."

निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, तरी तपासणी काही थांबलेली नाही. मिठाईवाल्याकडे खव्याचा कुंदा आणायला गेले तर दुकानदाराने आधी त्यातला एक तुकडा स्वतः खायचा, मगच आप्पा डबा उचलणार. डॉक्टरांनी ताप बघितला की घरी येऊन स्वतःच्या थर्मामीटरने पुन्हा बघणार, आणि दोन्हीकडे आकडा सारखा आला की जास्तच काळजीत पडणार. लग्नपत्रिका आली की एका बाजूचं मराठी आणि दुसऱ्या बाजूचं कन्नड बोट ठेवून ताडून बघणार. एका पत्रिकेत मराठीत मुहूर्त बारा पस्तीसचा आणि कन्नडमध्ये बारा त्रेपन्नचा निघाला. आप्पा दोन्ही वेळेला मुठीत अक्षता घेऊन उभे होते. नळाला वेळेवर पाणी आलं तरी ते भुवया आवळून म्हणतात, "ह्यात कायतरी हाय."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्कांनी या संशयाबरोबर बेचाळीस वर्षं संसार केला आहे. "मी च्या दिला तरी ह्यो आदी वास घेतो," त्या सांगतात. "लगीन झाल्यापास्नं. मी काय बोलत न्हाय. घेऊ दे की वास, च्या काय कमी हुतोय?"

गाणाऱ्या माणसावर तर आप्पांचा विशेष राग. याला एक प्रसंग कारण आहे, निदान आम्हाला तसं वाटायचं. गणपतीत आमच्या शेजारच्या गल्लीने ऑर्केस्ट्रा आणला होता. चकचकीत कोटातला गायक डोळे मिटून गात होता आणि बाया माना डोलावत होत्या. आप्पा उठले, मांडवाच्या मागे गेले आणि हाताला लागेल ती वायर उपटली. गाणं बंद पडलं. गायकाचं तोंड मात्र पुढच्या दोन ओळी तसंच हलत राहिलं. त्या दिवसापासून आप्पांचा गल्लीत दरारा आहे. पुढे कुठेही गाण्याचा कार्यक्रम असला, की संयोजक आधी विचारतात, टीसी आप्पा येणार आहेत का?

तर अशा माणसाच्या गावात परवाच्या डिसेंबरात युरोपातल्या मुलांचा एक जगप्रसिद्ध गायकवृंद आला.

आमचं एक छोटं संगीत मंडळ आहे. ही मुलं गोव्याहून बेंगळुरूला जाणार होती, वाटेत एक संध्याकाळ मोकळी होती, आणि आमचे अध्यक्ष देसाई सर यांनी पत्रावर पत्र लिहून ती मिळवली. नऊ ते चौदा वयाचे चोवीस मुलगे, त्यांचे एक गुरुजी आणि पियानो वाजवणाऱ्या एक बाई. कॅम्पातल्या एका शाळेचं सभागृह ठरलं. ती मुलं एक मराठी आणि एक कन्नड गाणं शिकून आली होती. आधी कुठलं व्हावं यावर आमच्या तीन बैठका झाल्या, शेवटी नाणं उडवून कन्नड आधी ठरलं, आणि नाणं कुणाच्या खिशातलं होतं यावर चौथी बैठक झाली. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणून सूत्रसंचालन आणि दुभाषेपण माझ्या गळ्यात पडलं.

बातमी आप्पांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मी शाळेतून परत येत होते, तेवढ्यात त्यांनी कट्ट्यावरून अडवलं.

"बाई, माइक किती हायत?"

"माइक नाहीत, आप्पा. ती मुलं माइकशिवाय गातात. निवेदनाला तेवढा एक आहे."

"माइकच न्हाय? येवड्या मोठ्या हालात? मग वायर कुटली उपटायची?"

"उपटायचीच नाही."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विनातिकीट सापडले आहे. "ह्यात कायतरी हाय. त्या पियानूत ठेवलं असणार, न्हायतर खुर्च्यांच्या बुडाला. आन आता ते एआय का काय ते आलंय. पोरांनी कशाला गायचं? इस्त्रीची कापडं घालून नुस्तं उभं ऱ्हायचं."

दोन दिवसांत त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, की त्या कार्यक्रमात मी लबाडी पकडून दाखवतो, सबूत देतो. झालं! ज्यांनी जन्मात परदेशी गाणं ऐकलं नव्हतं त्यांनीही माझ्याकडे पास मागितले. गाण्यासाठी नाही, आप्पांसाठी.

मी घाबरून देसाई सरांकडे गेले. सर कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते हसले आणि म्हणाले, "बाई, अशा माणसाला मान द्यावा. स्टेजवर बोलवावं. शेवटी त्या गुरुजींना शाल-श्रीफळ आप्पांच्या हस्ते देऊ. ज्येष्ठ श्रोते म्हणून दोन शब्दही बोलतील."

"सर, सभागृहात एकच माइक आहे आणि तो तुम्ही त्यांच्या हातात देताय."

"दोन शब्द हो. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी राहता. लक्ष ठेवा."

म्हणजे मान आप्पांना आणि जबाबदारी मला.

कार्यक्रम साडेपाचचा. आप्पा साडेतीनला हजर. अंगात नोकरीतला काळा कोट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण त्यांनी कुठल्याशा लिलावात घेतलेली. त्यांनी पहिल्या चार रांगांतल्या खुर्च्या उलट्या करून बघितल्या. पडद्यामागे जाऊन आले. पियानोचं झाकण उचलून आत डोकं घातलं, आणि त्या बाईंना खुणेने तीन पट्ट्या वाजवायला लावल्या. बाईंना वाटलं, हे पियानो जुळवणारे. त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांना तोही संशयास्पद वाटला.

मुलं दोन-दोन करून आली. राखाडी पँट, पांढरा सदरा, निळी बंडी, भांग पाडलेले केस. तीन रांगांत उभी राहिली. गुरुजींनी हात उचलला, आणि गाणं सुरू झालं.

पहिलं गाणं जुनं, चर्चमधलं. एक शब्द कळत नव्हता. पण तो आवाज सुरू झाल्यावर मला आधी समजेचना की तो समोरून येतो आहे की वरून. सभागृहात खोकणारे थांबले. पास कशासाठी घेतला होता ते आमची गल्लीसुद्धा दोन मिनिटं विसरली. मग एक भारदस्त शास्त्रीय रचना झाली, पियानोसकट. मग त्यांच्याकडच्या डोंगरातली गुराख्यांची गाणी झाली, त्यात एका मुलाने गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवल्या. मग चुटक्या वाजवत एक आजकालचं इंग्रजी गाणं, त्याला कॉलेजच्या मुली किंचाळल्या. मी मधे मधे दोन वाक्यं बोलत होते आणि पडद्याच्या कडेवरून तिसऱ्या रांगेत बघत होते. आप्पा हलले नव्हते. दुर्बीण डोळ्यांना लावलेली. ती एका मुलावरून दुसऱ्यावर सरकत होती, डब्यातून टीसी सरकतो तशी.

मागच्या रांगेत येऊन ती थांबली. आणि मग तिथून हललीच नाही.

मध्यंतरात आप्पा थेट विंगेत आले. डोळे चमकत होते.

"बाई, सापडलं."

"काय सापडलं?"

"मागची रांग, डावीकडनं दुसरा. उंच हाय बघा, बाह्या दोन बोटं आखूड झाल्यात. त्यो गात न्हाय. नुस्तं तोंड हलवालाय."

"आप्पा, चोवीस जण एकदम गातायत. तुम्हाला कसं कळणार?"

"गाणारा ओळीच्या आदी श्वास घेतोय. बंडी फुगती. तेविसांची फुगती, त्येची न्हाय. आन गळ्याची घाटी बगा, जाग्यावर हाय. वर जायाला पायजे तवा जात न्हाय."

तिकीट तपासणाऱ्या माणसाला गाणाऱ्याचा श्वास कसा काय ठाऊक, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

"असेल एखादं पोर दमलेलं," मी म्हटलं. "जाऊ द्या."

"दमल्यालं न्हाय. आवाज फुटलाय त्येचा. साडेतेरा वर्साचा हाय. आन कुणाला सांगितल्यालं न्हाय त्येनं, लपीवतोय." आप्पांनी कोटाची बटणं लावली. "मी शेवटाला सांगणार. आख्खी गल्ली मागं बसलीया. सबूत देतो म्हटलंय मी."

"आप्पा, परक्या मुलखात आलेलं पोर आहे. त्याच्या गुरुजींसमोर, चारशे माणसांसमोर सांगणार तुम्ही?"

"बिनतिकीट म्हंजे बिनतिकीट, बाई." आणि ते निघून गेले.

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या माणसाचा मला तेव्हा तिरस्कार वाटला. जन्मभर इतरांचे खिसे, चेहरे आणि गळे बघत राहायचं, आणि एक पोरगं सापडलं म्हणून एवढा आनंद! देसाई सरांना सांगावं तर ते प्रमुख पाहुण्यांना बटाटेवडा घेण्याचा आग्रह करत होते.

दुसरा भाग सुरू झाला आणि मी त्या मुलाकडेच बघत राहिले. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. सगळ्यांबरोबर त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि डोळे सारखे गुरुजींच्या हाताकडे. चोरी करणाऱ्याचे डोळे नव्हते ते. पायरी चुकेल म्हणून भ्यालेल्याचे होते.

कन्नड लोकगीत झालं, टाळ्या पडल्या. मग मराठी अंगाई सुरू झाली. पुढच्या रांगेतला सगळ्यांत लहान मुलगा एकटा गात होता, बाकीचे त्याच्यामागे हलके सूर धरत होते. "बाळा"चं "बाला" होत होतं, पण लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. शेवटच्या ओळीला सगळे एकदम वर चढले, आणि त्या उंच मुलाला भान राहिलं नसावं. गाणं अंगात आलं की राहत नाही. त्याची बंडी फुगली, घाटी वर गेली, आणि एक चिरका, दुभंगलेला स्वर बाहेर पडला. क्षणभरच. शेजारच्या दोघांनी मान वळवून बघितलं. बाकी सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मुलाने तोंड गच्च मिटलं. त्याचे कान लालभडक झाले.

मी तिसऱ्या रांगेत बघितलं. आप्पांनी दुर्बीण खाली घेतली होती. ती त्यांनी पुन्हा उचलली नाही.

शेवटी मी त्यांचं नाव पुकारलं. आप्पा स्टेजवर आले. नारळ आधी कानाशी हलवून बघितला, लोक हसले. गुरुजींच्या खांद्यावर शाल घातली. मग मी माइक पुढे केला. मागच्या रांगांतून आमच्या गल्लीतल्या कुणीतरी शिट्टी घातली आणि चार-पाच फोन वर झाले. देसाई सरांनी डोळे मिटून घेतले.

"नमस्कार," आप्पा म्हणाले. "मी कल्लाप्पा. मी काय गाण्यातला न्हवं, तपासण्यातला. गल्लीत सांगून आलतो, की ह्या पोरांच्यात कायतरी लबाडी हाय. म्हणून एक-एक गळा दुर्बिणीनं बगितला."

ते मुलांकडे वळले आणि बोट दाखवून मोजायला लागले. एक, दोन, तीन. पुढची रांग झाली. मधली झाली. बोट मागच्या रांगेत उजवीकडून सरकत आलं. एकवीस. बावीस. त्या मुलाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण आपण सापडलो हे त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने हात पाठीमागे घेतले आणि आमच्या शाळेतली मुलं छडीची वाट बघत उभी राहतात तसा तो उभा राहिला. आप्पांचं बोट त्याच्यासमोर आलं आणि थांबलं.

किती वेळ थांबलं ते मला सांगता येणार नाही. मला खूप वाटला.

"तेवीस," आप्पा म्हणाले. मग त्याच्या पलीकडचा, "चोवीस. चोवीस पोरं, चोवीस गळे. समदी गातेत. मी तपासलंय." आणि माइक माझ्या हातात देऊन ते पायऱ्या उतरायला लागले.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, हरला की ओ!"

"व्हय रं," आप्पा म्हणाले, "हरलो."

मी आप्पांचे शब्द गुरुजींना इंग्रजीत सांगितले. ते हसले आणि त्यांनी मुलांना त्यांच्या भाषेत सांगितलं. तो उंच मुलगा आप्पांच्या पाठीकडे बघत राहिला.

लोक पांगल्यावर आप्पा परत आले. म्हणाले, "त्या पोराकडं न्या मला. आन मी बोलतो ते समदं सांगायचं. मदलं काय गाळायचं न्हाय."

मुलांना कपडे बदलायला शाळेतले वर्ग दिले होते. बाकीची मुलं अंगणात खायला गेली होती, हा एकटा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. योनास त्याचं नाव. आम्हाला बघून उठून उभा राहिला.

"कवापास्नं?" आप्पांनी विचारलं.

मी इंग्रजीत विचारलं. त्याने आधी दाराकडे बघितलं. मग मोडक्या इंग्रजीत सांगायला लागला. तीन आठवडे झाले. गुरुजींना कळलं तर रांगेतून काढतील. नऊ वर्षांचा असल्यापासून तो या वृंदात आहे, त्यांच्याच वसतिगृहात राहतो. त्याचे सगळे मित्र तिथेच. "गाता येत नसेल तर मी तिथे कोण?" असं त्याने मला विचारलं, जसं काही ते मलाच ठाऊक असणार होतं.

मी आप्पांना सांगितलं. ते त्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे छातीपाशी आले.

"त्येला सांगा, उचगावात एक पोरगं हुतं. भजनात गायाचं. अकरा वर्साचं असताना खानापूरच्या खेड्यांतनं त्येला न्यायला बैलगाडी यायची. बुवा त्येला पेटीशेजारी हुबं करायचं, आन लोक लांबनं लांबनं यायचं ऐकाय."

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. "आप्पा, तुम्ही?"

"सांगा त्येला. निपाणीला भजनाची स्पर्धा हुती. तेरावं सरलं नव्हतं. पयल्याच गाण्यात, वर जायाच्या टायमाला, चिरकलो. मांडव हासला. बुवा हासलं. माझा बा फुडं बसलाता, त्यो बी हासला. येताना बुवांनी हातात टाळ दिलं. म्हणालं, आता तू हे वाजीव. मला वाटलं आवाज गेला. मेला. कुणी सांगितलंच न्हाय, की त्यो जात न्हाय, बदलतोय. थोडं दीस गप बसायचं आन परत बगायचं. मी परत बगितलंच न्हाय. लोंढ्याला एकेक पोरगं वरडायचं, चिरकायचं. दंडाची पावती बापाला द्यायची आन पोराला कानात सांगायचो, भिऊ नको रं, हे बदलालंय. माझ्या कानात सांगाय कोन न्हवतं."

इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे मी. तिथे माझं इंग्रजी अडलं. तरी कसंबसं पूर्ण केलं. माझ्या शेजारच्या घरात राहणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

"आन सांगा त्येला," आप्पा म्हणाले, "गुर्जीला जाऊन सांग म्हणावं. लपवू नगं. लपीवलं तर जन्मभर लपवायची सवं लागती."

योनासने विचारलं, "आणि आता यांचा आवाज कसा आहे?"

"ठावं न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग बघा ना आता," तो म्हणाला.

मी ते सांगितलं. आप्पांनी आधी त्या मुलाकडे संशयाने बघितलं, मग माझ्याकडे. उठले. खिडक्या लावल्या. कपाटामागे वाकून बघितलं. मग म्हणाले, "बाई, तुमी भाईर थांबा."

मी व्हरांड्यात उभी राहिले. आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग एक जाडाभरडा, म्हातारा आवाज, अंधारात भिंतीवर बटण चाचपडावं तसा सूर चाचपडत निघाला. अभंगाची एकच ओळ. मधेच तुटला. परत पहिल्यापासून. परत तुटला. तिसऱ्या वेळेला कसाबसा शेवटपर्यंत पोचला. आणि मग त्याच्या खालून दुसरा एक आवाज आला, कोवळा पण खालचा, शब्द नसलेला, नुसता सूर धरून राहिलेला. तोही डगमगत होता. दोघांतलं कुणीही हसलं नाही.

मी तोंडाला रुमाल लावून रडले. शिपाई विचारायला लागला, बाई, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं.

परत येताना रिक्षात आप्पा एवढंच म्हणाले, "गल्लीत सांगायचं न्हाय." मी सांगितलं नाही. गल्लीने पुढे महिनाभर त्यांना "हरला, हरला" म्हणून छळलं आणि त्यांनी ते मुकाट सोसलं.

पण आक्कांना मी सांगितलं. माझ्याच्याने राहवलं नाही. त्या शेवया वाळत घालत होत्या. उचगावचं ऐकलं, निपाणीचं ऐकलं, वर्गातलं ऐकलं. हात तसाच थांबला.

"गातोय व्हय त्यो?" त्या म्हणाल्या. मग, "कसा गातोय?"

"खरं सांगू? ओबडधोबड."

आक्कांनी पदराने डोळे पुसले. "बेचाळीस वर्सं. आन एकदा सुदिक माज्यासमोर न्हाय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्येला कळू देऊ नगा, मला ठावं हाय म्हणून. कळलं तर परत तोंड उघडायचा न्हाय."

पंधरा दिवसांनी योनासचं मेल आलं. त्याने बेंगळुरूलाच गुरुजींना सांगितलं होतं. आता तो पियानो वाजवणाऱ्या बाईंसाठी स्वरलिपीची पानं उलटतो, आणि आवाज बसला की मोठ्यांच्या रांगेसाठी पुन्हा बघणार आहेत. मी आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी इंग्रजीतूनही वाचायला लावलं, एक शब्द कळत नसताना. मग "बरं" म्हणून उठून गेले.

त्यानंतर आक्का रोज सहा वाजता "देवळात जातो" म्हणून घरातून बाहेर पडायला लागल्या. देवळात जात नाहीत. आमच्या मागच्या दाराने आत येतात आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी पाटावर बसतात. पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज येतो, मग खिडक्या, मग खाकरणं. पहिल्या दिवशी आक्कांनी मला बजावलं होतं, "चिरकला तरी हासायचं न्हाय हं, बाई."

मधे एकदा आप्पांनी मला कट्ट्यावर गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "आक्का रोज देवळात जाती म्हणती. पण येताना कपाळाला अंगारा काय दिसत न्हाय. तुमाला काय ठावं हाय का?"

मी आक्कांना सांगितलं. आता पलीकडचं गाणं संपलं, की त्या भिंतीपासून उठतात, माझ्या देवघरातला अंगारा कपाळाला लावतात, आणि पुढच्या दाराने घरी जातात.